मासे खायला अंदमान: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

अंदमानला फक्त खाण्यासाठी चार दिवस जाऊन यावं का, कसं जावं आणि तिथं काय मागवावं, अशी बरीच पत्रं या वेळी आली आहेत. सेल्युलर जेल आणि स्कूबाची माहिती कुठेही मिळते, म्हणून इथे आम्ही ताटापुरतंच बोलतो. आधी नावांचा उलगडा करू. पोर्ट ब्लेअरचं नाव 2024 पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि नीलचं शहीद द्वीप हे 2018 मध्ये झालं. बोटीच्या तिकिटावर आणि हॉटेलच्या पाटीवर जुनं किंवा नवं, कुठलंही नाव दिसू शकतं.

प्रश्न: आम्ही दोन जोडपी, चौघंही पक्के मासेखाऊ. मालवणला वर्षातून दोन-तीनदा जाणं होतंच. मुलांच्या परीक्षा संपल्या की मेमध्ये अंदमान करावं म्हणतो. जावं का? (राजारामपुरी)

जा, पण मेमध्ये नको. बेत फसतो तो बहुतेक इथंच. केंद्राची मासेमारी बंदी आपल्या पश्चिम किनाऱ्याला 1 जून ते 31 जुलै असते. पूर्व किनारा आणि अंदमान-निकोबारला ती 15 एप्रिल ते 14 जून अशी 61 दिवस असते. म्हणजे मेमध्ये मालवणात ट्रॉलर चालू असतात आणि अंदमानात यांत्रिक बोटी धक्क्याला लागलेल्या असतात. बिनयंत्राच्या होड्यांना बंदी नसते, त्यामुळे मासळी अगदी गायब होत नाही. पण खोल पाण्यातला मोठा मासा कमी होतो, भाव चढतात आणि ताटात फ्रीझरमधला माल येतो. त्यात भर म्हणजे नैऋत्य मान्सून देशात सगळ्यात आधी तिथंच पोचतो, साधारण मेच्या तिसऱ्या आठवड्यात. समुद्र खवळला की बेटांमधल्या बोटी रद्द होतात.

ऑक्टोबर ते डिसेंबर बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचे दिवस. एवढं सगळं वजा केल्यावर जानेवारी ते मार्चअखेर हाच खात्रीचा काळ उरतो. शाळा आड येत असेल तर 26 जानेवारीच्या आसपास जोडून सुट्टी मिळते का बघा.

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगतो. सुरमई, पापलेट, बांगडा आणि सोलकढी एवढंच हवं असेल तर गगनबावड्यावरून घाट उतरा, मालवण पुरेसं आहे आणि पैसेही वाचतील. अंदमानला जायचं ते प्रवाळातला मासा, खारफुटीतला मोठा चिखली खेकडा, ताजा कुपा म्हणजे ट्यूना, आणि शेवंड म्हणजे लॉबस्टर यांच्यासाठी.

प्रश्न: चार रात्रींत किती बेटं होतील? कोल्हापुरातून जोडणी कशी लावायची? (शाहूपुरी)

बेट एकच करा. चार रात्रींत तीन बेटं घेतली तर रोज ऐन जेवणाच्या वेळी तुम्ही धक्क्यावर बॅगा घेऊन उभे असाल.

उजळाईवाडीहून बेंगळुरू आणि हैदराबादला जाऊन पुढचं विमान पकडता येतं. ही वेळापत्रकं बदलत असतात, म्हणून पूर्ण प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर काढा. दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. दुसरा मार्ग रात्रीच्या बसनं बेंगळुरू. अंतर सहाशे किलोमीटरच्या वर आहे. बस सकाळी पोचते म्हणून त्याच सकाळचं विमान धरू नका. शहरातून विमानतळ गाठायलाच दीड-दोन तास जातात.

बेत असा ठेवा. पहिली रात्र श्री विजयपुरममध्ये. दुसऱ्या दिवशी पहाटे जंगलीघाटच्या मासळी धक्क्यावर एक फेरी मारा. त्या दिवशी काय उतरलंय हे डोळ्यांनी बघितलं की पुढचे दोन दिवस मेनूकार्ड वाचायची गरज पडत नाही. तिथून स्वराज द्वीपची बोट. खासगी वेगवान बोटीला दीड ते दोन तास लागतात, सरकारी बोटीला त्याहून जास्त. दोन रात्री तिथं राहा. चौथ्या दिवशी दुपारच्या बोटीनं परत, आणि चौथी रात्र पुन्हा श्री विजयपुरममध्ये. या चौथ्या रात्रीबाबत तडजोड करू नका. सकाळी स्वराज द्वीपहून बोट आणि दुपारी विमान असं धरलं आणि हवेमुळे बोट सुटली नाही, तर चौघांचं विमान चुकतं.

घड्याळाचं एक लक्षात असू द्या. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे, पण वेळ आपलीच. जानेवारीत तिथं सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो आणि स्वयंपाकघरंही लवकर आवरतात. कोल्हापूरसारखं रात्री साडेनऊला जेवायला निघालात तर उरलंसुरलं मिळेल. दुपारचं जेवण साडेबाराला, रात्रीचं सातला ठेवा.

बोटीआधी भरपेट खेकडा खाऊ नका. दोन इडल्या किंवा कोरडा टोस्ट बरा. ज्यांना बोट लागते त्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा-एक तास आधी घ्यावी. उलटी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही.

प्रश्न: तिथल्या मेनूकार्डावर बटर गार्लिक, तंदुरी, चिली असंच सगळं असतं म्हणतात. मग वेगळं काय मागवायचं? (जयसिंगपूर)

मेनूकार्ड बाजूला ठेवा आणि विचारा, "आज सकाळी कुठला मासा आला?" तांबोशी म्हणजे रेड स्नॅपर आणि हेकरू म्हणजे ग्रूपर यांपैकी जो ताजा असेल तो अख्खा घ्या. दोन्हीचं मांस पांढरं, घट्ट आणि मोठ्या पाकळ्यांचं असतं, काटा सहज सुटतो. हेकरूचं डोकं मोठं, त्यामुळे दीड किलोच्या माशात निम्म्याहून कमी मांस हाती येतं. तांबोशीत थोडं जास्त. चौघांना भाताबरोबर दीड किलोचा एक मासा पुरतो.

अख्खा मासा भाजायला सांगताना दोन सूचना द्या. दोन्ही अंगांवर दोन-दोन बोटांवर हाडापर्यंत चिरा हव्यात. आणि मासा सर्वांत जाड जागी एक इंच असेल तर एकूण दहा मिनिटं, दोन इंच असेल तर वीस. चिरा नसल्या की बाहेरचं कोरडं पडतं आणि कण्याजवळ रक्त राहतं. मग आचारी पुन्हा निखाऱ्यावर टाकतो आणि उरलेला ओलावाही जातो.

कुपा वेगळा. त्याच्या जाड वड्या घेऊन कडक तापलेल्या तव्यावर दोन्हीकडून एकेक-दीड मिनिट, मधे गुलाबी. रश्श्यात वीस मिनिटं उकळला की तो लाकडासारखा होतो, आणि लोक म्हणतात ट्यूनाला चव नाही. मात्र असा अर्धा कच्चा कुपा सकाळपासून बर्फात होता याची खात्री असेल तरच. कारण खाली आरोग्याच्या प्रश्नात येईल. माकूल म्हणजे स्क्विड दोन मिनिटांत उतरवायचं, नाहीतर चाळीस मिनिटं मंद शिजवायचं. त्या दोहोंच्या मधे ते रबर असतं.

एक वेळचं जेवण बाजारातल्या साध्या बंगाली भातघरात नक्की घ्या. स्वराज द्वीपवर फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेली कुटुंबं वसवली गेली. बोट लागते ते गाव नंबर 1, बाजार गाव नंबर 3 आणि राधानगरचा किनारा गाव नंबर 7. तीन नंबरच्या बाजारात भात, डाळ, भाजी आणि मोहरी वाटून केलेला माशाचा रस्सा मिळतो. आपल्याकडे मोहरी फोडणीपुरतीच. इथं ती वाटण होते, तिखटपणा जिभेवर न राहता नाकात चढतो. शंभर प्रकारच्या बटर गार्लिकपेक्षा हे एक ताट आम्हाला मोलाचं वाटतं.

पोपटमासा म्हणजे पॅरटफिश दिसला तर नको म्हणा. तो प्रवाळावरचं शेवाळ खरवडून खातो, त्यामुळे प्रवाळ मोकळा राहतो. ज्या प्रवाळामुळे बाकीची मासळी तिथं आहे, त्याचा तो राखणदार आहे.

प्रश्न: खेकडा आणि शेवंड दोन्ही खायचेत. दर शंभर ग्रॅमला सांगतात आणि बिल भलतंच येतं असं ऐकलं. निवडायचं कसं, वजन कसं करायचं? (इचलकरंजी)

आधी आदल्या संध्याकाळी सांगून ठेवा. लहान हॉटेलं खेकडा-शेवंड मागणी असेल तेवढीच आणतात. ऐनवेळी मागितलं तर फ्रीझरमधलं येतं, किंवा "संपलं" असं उत्तर येतं.

दराचं गणित ऑर्डर देतानाच करून मोकळे व्हा. समजा शेवंडेचा दर शंभर ग्रॅमला 400 रुपये सांगितला आणि शेवंड 750 ग्रॅमची निघाली, तर 3,000 रुपये झाले. वजन कच्च्याचं की साफ केलेल्याचं, भाजणावळ त्यात धरली आहे का आणि कर वेगळा का, हे तिथंच विचारा. काटा शून्यावर आहे ना ते बघा. खेकड्याच्या नांग्या ओल्या जाड दोरीनं बांधलेल्या असतात. दोरीचं वजन खेकड्याच्या भावानं देऊ नका. नांग्या सोडून नाही, पण तेवढीच दुसरी दोरी काट्यावर ठेवून वजा करून घ्या.

खेकडा हातात घेऊन तपासा. आकाराच्या मानानं जड लागला पाहिजे. उलटा करून पोटावरच्या झडपेच्या दोन्ही बाजूंना, शेवटच्या पायाजवळ, अंगठ्यानं दाबा. कवच दगडासारखं कडक असेल तर आत मांस भरलेलं आहे. दबलं तर त्यानं नुकतीच कात टाकलेली आहे, आत पाणीच निघणार. कात टाकल्यावर खेकडा पाणी ओढून फुगतो आणि नवं कवच मोठं करतो. त्या कवचात मांस भरायला काही आठवडे लागतात. म्हणून नवं, स्वच्छ, चकचकीत कवच दिसलं की हुरळून जाऊ नका. खालून पिवळसर-मळकट, नांगीचे दात झिजलेले, असा जुना खेकडा घ्या. अमावस्येला भरलेला आणि पौर्णिमेला पोकळ असं आपल्याकडे सांगतात, पण अंगठ्याची परीक्षा कुठल्याही तिथीला चालते.

पोटावरची झडप निमुळती असेल तर नर, रुंद अर्धगोल असेल तर मादी. नांग्यांचं मांस हवं असेल तर नर घ्या. झडपेखाली बाहेर अंडी चिकटलेली मादी घेऊ नका, शेवंडेतही नाही.

सातशे-आठशे ग्रॅमच्या खेकड्यातून मांस फार तर पाव किलो निघतं. म्हणून चौघांना दोन खेकडे, अधिक मासा असं धरा. वाफवायला पाचशे ग्रॅमला पंधरा मिनिटं, आठशेला वीस. जिवंत खेकडा थेट उकळत्या पाण्यात टाकला तर तो स्वतःचे पाय तोडून टाकतो, आणि तुटल्या जागेतून पाणी आत शिरून मांस बेचव होतं. आधी वीस-तीस मिनिटं बर्फात गाडून ठेवला की तो सुस्त होतो. रस्सा करणार असतील तर बारीक पाय टाकू देऊ नका. ते ठेचून, पाण्यात वाटून, गाळून घेतलं की रश्श्याला खरी चव येते. हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नकोच, पण तिथल्या आचाऱ्याला सांगावं लागतं.

अंदमानची शेवंड काटेरी जातीची, तिला मोठ्या नांग्या नसतात. मांस शेपटीत, एकूण वजनाच्या साधारण तिसरा हिस्सा. जिवंत शेवंड पाठीला धरून उचलली की शेपटी फटकन पोटाखाली वळवते. शिजवल्यावरही ती वळलेलीच राहते. ताटात सरळ पसरलेली शेपटी आली तर शेवंड शिजवण्याआधीच मेलेली होती. अशा शेपटीचं मांस भुसभुशीत लागतं. एकाच मोठ्या शेवंडेपेक्षा सहाशे ग्रॅमच्या आसपासची एक घ्या. उभी चिरून, मांसाची बाजू वर ठेवून निखाऱ्यावर आठ-दहा मिनिटं. खूप मोठ्या शेवंडेचं मांस चिवट होतं, आणि चवीपुरती चौघांत एक पुरे. पोट खेकड्यानंच भरतं.

माशाची अदलाबदल होईल अशी शंका असेल तर निवडलेल्या माशाच्या शेपटीचा एक कोपरा कात्रीनं छाटायला सांगा. ताटात तोच कोपरा छाटलेला आला पाहिजे. हसत सांगितलं तर कुणी रागावत नाही.

प्रश्न: आमच्या घरी कांदा-लसूण मसाल्याशिवाय घास उतरत नाही. बरोबर न्यावा का? (कागल)

न्या, पण शंभर ग्रॅम पुरे. दुहेरी पिशवीत बांधून चेक-इन बॅगेत ठेवा. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या नेऊ नका. त्यातल्या तेलामुळे पेट घेण्याचा धोका म्हणून चेक-इन सामानात त्यांना मनाई आहे.

भाजायच्या माशाला हा मसाला आधी चोपडू नका. त्यातला कांदा, लसूण आणि खोबरं निखाऱ्यावर दोन मिनिटांत जळतं, आणि वीस मिनिटांनी माशावर कडू काळा थर उरतो. आधी फक्त मीठ, हळद, लिंबू. मासा शिजत आल्यावर एक चमचा मसाला दोन चमचे तेलात कालवून शेवटच्या दोन मिनिटांत ब्रशनं लावायचा. खेकड्याच्या रश्श्यात मात्र तो खुशाल घाला, तिथं तो शोभतो. पहिल्या दिवशीचा मासा तेवढा मिठा-लिंबावर खा, ही आमची विनंती. ताज्या तांबोशीला स्वतःचा गोडवा असतो आणि आपला मसाला तो पूर्ण झाकतो.

प्रश्न: मला युरिक अ‍ॅसिडचा त्रास आहे, आणि मुलानं शेवंड कधी खाल्लेली नाही. काय जपावं? (मंगळवार पेठ)

युरिक अ‍ॅसिडवाल्यांनी रोज तिन्ही त्रिकाळ कोळंबी-खेकडा टाळावा. प्युरिन पाण्यात उतरतं, त्यामुळे तुकड्यांपेक्षा आटवलेला रस्सा जास्त बाधतो. पाणी भरपूर प्या, बिअर वर्ज्य. नेहमीची गोळी बंद करून "सुट्टीत बघू" म्हणू नका.

मुलाला कोळंबीची किंवा खेकड्याची अ‍ॅलर्जी असेल तर शेवंडेचीही असण्याची शक्यता मोठी, कारण प्रथिन त्याच कुळातलं आहे आणि शिजवून ते जात नाही. अशी अ‍ॅलर्जी नसेल तरच पहिल्यांदा एक लहान तुकडा द्या, तास-दोन तास थांबा, आणि तेही शक्यतो श्री विजयपुरममध्ये असताना. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, तिथंच आहे. ओठ सुजले किंवा श्वास लागला तर वाट बघू नका.

आता कुप्याबद्दल. कुपा, बांगडा, सुरमई उन्हात किंवा बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. मासा दिसायला ठीक असतो, पण जिभेला मिरीसारखं चरचरतं. मग अर्ध्या-एक तासात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं. शिजवून हे जात नाही. पहिल्या घासाला चरचर जाणवली तर ताट परत करा.

प्रवाळ भागातल्या मोठ्या शिकारी माशांत, म्हणजे थोराड हेकरू, बाराकुडा, मोरे वाम यांच्यात, सिग्वाटेरा नावाची विषबाधा करणारं विष साठलेलं असू शकतं. त्याला वास नाही, चव नाही, आणि उकळूनही ते मरत नाही. जुलाब-उलटीबरोबर ओठाला मुंग्या येतात, गार पाणी भाजल्यासारखं लागतं. उपाय सोपा आहे: दोन किलोच्या आतला मासा घ्या, आणि मोठ्या माशाचं डोकं, काळीज, गाभोळी खाऊ नका. डोक्याचा रस्सा आवडणाऱ्यांना हे जड जाईल, पण लहान तांबोशीचं डोकं आहेच.

प्रश्न: आम्ही सोमवार आणि शनिवार पाळतो, आणि सासूबाई शाकाहारी आहेत. जमेल का? (गडहिंग्लज)

सोमवारी कोल्हापूर सोडा, मंगळवारी उतरा, शनिवारी परतीचं विमान. मंगळवार संध्याकाळ ते शुक्रवार रात्र सगळं मोकळं मिळतं. गुरुवारही पाळत असाल तर ऐन बेटावरचा दिवस जातो, मग या सहलीत फारसा अर्थ नाही.

सासूबाईंसाठी इडली-डोसा सगळीकडे मिळतो. बंगाली भातघरात मात्र विचारून घ्या. मुगाच्या डाळीत माशाचं डोकं आणि दुधी भोपळ्यात बारीक कोळंबी घालायची त्यांची रीत आहे. त्यांच्या लेखी ती डाळ आणि ती भाजीच. "निरामिष" हा शब्द वापरा, लगेच कळतं. तवा वेगळा हवा असेल तर तेही आधी सांगा.

प्रश्न: येताना खेकडे, मासे बर्फात घालून आणता येतील का? आणि शंख-शिंपले? (उद्यमनगर)

मासे आणू नका. बेटावरून बोट, एक रात्र, दोन विमानं, मधला मुक्काम धरून घरी पोचेपर्यंत चोवीस तासांच्या वर जातात. बर्फाचं पाणी गळलं तर विमान कंपनी डबा उतरवते. सुकी मासळी आणायचीच असेल तर पूर्ण वाळलेली, मोडली की कटकन तुटणारी घ्या. ओलसर असली तर बॅगेतच बुरशी धरते. हवाबंद पाकीट करून चेक-इनमध्ये टाका, आणि त्या कंपनीला चालते का हे तिकीट काढतानाच विचारा.

किनाऱ्यावर सापडलेला प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका. प्रवाळ आणि शंखांच्या बऱ्याच जाती वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि विमानतळावर बॅगा तपासतात. दुकानातून शंख किंवा शिंपल्याची वस्तू घेतलीत तर पक्की पावती घ्या आणि ती बॅगेत नाही, खिशात ठेवा.